दुसऱ्याचं झिरो

आबांनी मारलेले पाचही छर्रे एकाच जागी लागले होते, अंगठ्याच्या नखाखाली झाकून जातील इतके जवळजवळ. फक्त ती जागा मधली नव्हती. टार्गेटच्या काळ्या गोलाच्या मध्यापासून डावीकडं चारेक सेंटीमीटर आणि थोडंसं वर. उसाच्या बांधाला टेकवलेल्या पोत्यावर कागद लावला होता, पाठीमागं विहिरीतनं काढलेल्या मुरमाचा उंच ढीग, पाचट वाऱ्यावर वाजत होतं, आणि मी कागद हातात घेऊन वीस मीटर चालत परत आले तेव्हा मनातल्या मनात हिशोब झालेलाच होता. खिशातनं रुपया काढला, रायफलीवरच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या काचेच्या, बाजूच्या स्क्रूचं टोपण फिरवून काढलं आणि म्हटलं, आबा, सात क्लिक उजवीकडं, दोन खाली, संपला विषय. त्यांनी हात आडवा घातला. "ऱ्हाऊ दे. झिरो तुझं हाय. दुसऱ्याचं झिरो मोडायचं न्हाई." झिरो म्हणजे नेम धरला तिथंच छर्रा लागावा म्हणून स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून केलेली साइटची जुळणी. आणि मग त्यांनी काय केलं, तर साइटमधला लाल ठिपका मुद्दाम तेवढाच उजवीकडं आणि जरासा खाली धरून पुढचे छर्रे मारले आणि ते बरोबर मधे जाऊन लागले. उठले, गुडघ्याची माती झटकली आणि मोटर चालू करायला गेले.

दुसऱ्याचं. म्हणजे माझं. ते काही केल्या डोक्यातनं जाईना.

कारण ती एअर रायफल, तिच्यावरचा तो रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याची साइट, कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं करून आणलेला अॅडॉप्टर, सगळं त्यांच्यासाठीच होतं. बिल माझ्या नावावर असेल, पण मला कशाला हवी होती रायफल? आबा मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झाले, बेळगावला रिक्रूट म्हणून गेले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं असं आजी सांगायची, आणि गावाकडं आल्यावर त्यांनी शेती, सोसायटीचं कर्ज, दूध डेरी हे सगळं केलं तरी रविवारी सकाळी बांधावर पत्र्याचं झाकण टांगून जुन्या एअरगननं दहा-वीस छर्रे मारणं कधी सोडलं नाही. पाखरू मारलेलं मी कधी बघितलं नाही. झाकणच. टण्ण असा आवाज आला की घरात आई म्हणायची, आता चहा ठेवायला हरकत नाही. मग हळूहळू तो आवाज कमी झाला, मग बंदच झाला, आणि विचारलं तर एवढंच म्हणाले, "माशी दिसंना झाली."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटा खुंट, फोरसाइट. मी कॉलेजात एनसीसीला होते, पॉइंट टू-टूनं पंचवीस यार्डावर मारलंय, त्यामुळं ते काय म्हणतायत ते लगेच कळलं. साध्या बंदुकीवर नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात, डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लांबचं टार्गेट, आणि डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. तरुणपणी डोळ्यातली लेन्स मऊ असते, ती झपाझप फोकस बदलते, म्हणून आपल्याला वाटतं सगळंच दिसतंय. चाळिशीनंतर ती कडक होत जाते. आबांना लांबचा आंबा दिसतो, त्यावरचा पाडाला आलेल्या फळाचा रंग दिसतो, पण हातभर अंतरावरची माशी म्हणजे नुसता धूर. जवळचा चष्मा लावला तर माशी येते आणि झाकण जातं. यावर त्यांनी कुणाकडं तक्रार केली नाही, बंदूक पुसून, तेल लावून, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

रेड डॉटमध्ये हा तिढाच सुटतो, आणि मला त्याचं खरंच आश्चर्य वाटतं, अजूनही. आत एक बारीक एलईडी असतो, समोर किंचित तिरकी बसवलेली वक्र काच असते, त्या काचेवर लाल रंग तेवढा परत फिरवणारा मुलामा असतो. एलईडी बरोबर त्या काचेच्या नाभीवर, म्हणजे फोकसवर, ठेवलेला असल्यामुळं तिथनं परत येणारे किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात, म्हणजे डोळ्याला तो ठिपका खूप लांब, टार्गेटच्याही पलीकडं असल्याचं वाटतं. त्यामुळं लांबचं दिसतंय ना, बास, ठिपका पण दिसणार. खाच नाही, माशी नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. मूळ कल्पना जुनी आहे, डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबनं १९०० साली तिचं पेटंट घेतलेलं, तो दुर्बिणी बनवणारा माणूस. बॅटरीवर चालणारा आत्ताचा प्रकार स्वीडनच्या एमपॉइंटनं १९७५ साली बाजारात आणला. गावात मात्र सगळ्यांना तो लेझरच वाटतो. शेजारचा पोरगा टार्गेटच्या कागदाजवळ जाऊन लाल डाग शोधत होता, काकू लेझर कुठं पडलाय, आणि त्याला सांगून पटेना की बाहेर काहीच पडत नाही, ठिपका बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो, समोरून बघणाऱ्याला नुसती काच दिसते.

रायफल पॉइंट १७७ ची, म्हणजे साडेचार मिलीमीटरची, स्प्रिंगवाली, नळी मोडून छर्रा घालायची. वीस ज्यूलच्या आतली, म्हणजे लायसन लागत नाही. तिच्यावर अकरा मिलीमीटरची डोव्हटेल खाच आणि साइटखाली पिकॅटिनी रेलचा, म्हणजे आडव्या खाचांच्या पट्टीवर बसणारा, माऊंट, दोघांचं जमायचं नाही, मधे अॅडॉप्टर पाहिजे. ऑनलाइन आलेला अॅडॉप्टर हातात घेतल्या घेतल्याच हलत होता. मी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघते, दिवसभर व्हर्निअर आणि डायल गेज हातात असतं, त्यामुळं हलणारी वस्तू मला सहनच होत नाही. अकरा मिलीमीटर हे नुसतं नाव, रायफलीची खाच मोजली तर वेगळीच भरली, कोन पण वेगळा. शेवटी आमच्याच गल्लीतल्या एका मिलिंगवाल्या मामांकडं रायफलीचं माप आणि साइट घेऊन गेले. मामांनी साइटचा माऊंट उलटा करून बघितला, आडव्या बोल्टावर नख टेकवून म्हणाले याच्यासाठी रेलची खाच पाच पॉइंट तेवीस मिलीमीटरची काय, मी म्हटलं हो, तर म्हणाले मग मोकळी ठेवायची नाही, बोल्ट गच्च बसला पाहिजे. उद्यमनगरात हेच मला आवडतं, तुम्ही काय बनवताय हे कुणी आधी विचारत नाही, किती ढिलाई चालेल ते विचारतात. कूलंटचा तो आंबूस वास, फौंड्रीकडनं येणारा जळक्या वाळूचा वास, बाहेर रिक्षात कास्टिंगं भरताना होणारा खणखणाट, आणि मामा चष्मा कपाळावर सरकवून अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर शेवटचा कट घेतायत.

त्यांनी एक गोष्ट न सांगता केली. अॅडॉप्टरच्या मागच्या टोकाला खाली एक जाड पिन बसवली, रायफलीवरच्या भोकात उतरेल अशी. स्प्रिंगची रायफल उडताना दोन धक्के देते, आधी मागं, आणि लगेच पिस्टन पुढं जाऊन आपटला की पुढं. त्या दुसऱ्या धक्क्यात बंदूक पुढं जाते आणि वरची साइट जागेवर राहू बघते, म्हणजे दर वेळी केसभर मागं सरकते. तुम्ही स्क्रू कितीही आवळा. चांगल्या चांगल्या साइटी या धक्क्यानं जातात, सोल्डर तुटतो, ठिपका विझतो. पिन असली की सरकायला जागाच नाही. मामांनी आयुष्यात एअरगन हातात धरली नसेल, पण मी स्प्रिंगचं सांगितल्यावर त्यांनी प्रेसच्या कामावरनं हे ओळखलं.

बसवायचं काम घरी ओट्यावर केलं. थिनरनं खाच आणि स्क्रू पुसून काढले, कारण तेलाचा अंश राहिला तर लॉकटाईट धरत नाही. निळं लॉकटाईट, एक एक थेंब. ऑलन की लहान बाजूनं धरून, एकदा हा स्क्रू, एकदा तो, थोडं थोडं, कारण एकच बाजू आवळत नेली तर साइट तिरकी बसते. शेवटी पेंट मार्करनं स्क्रूच्या डोक्यावरनं खालच्या बॉडीवर येणारी एक पिवळी रेघ ओढली, स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते. आबा दारात उभं राहून बघत होते. "काय करालीस एवढं?" म्हणाले, पण गेले नाहीत, रेघ ओढून होईपर्यंत थांबले.

झिरो मी केलं, कारण नवी रायफल सुरुवातीला त्रास देते आणि तो त्यांच्या वाट्याला नको होता. कारखान्यातलं तेल आत असतं, ते पिस्टनच्या दाबानं जळतं, नळीतनं निळा धूर निघतो, फटाक्यासारखा नाही, जळक्या मोबिलचा वास, आणि छर्रे वाटेल तिथं जातात. डबाभर छर्रे जाईपर्यंत काही मोजण्यात अर्थ नसतो. मग पाच मीटरवर मोठा पुठ्ठा. साइट नळीपेक्षा पाच सेंटीमीटर वर बसलीय, म्हणजे जवळच्या अंतरावर छर्रा ठिपक्याच्या खाली पडणारच. वीस मीटरचं झिरो हवं असेल तर पाच मीटरवर तीनेक सेंटीमीटर खाली पडलेला छर्रा बरोबर आहे, तो वर आणायला गेलात तर पुढं सगळं वर जाणार. हे मी आधी वहीत काढलं होतं. पाचाचा ग्रुप मारायचा, एकेका छर्ऱ्यामागं धावायचं नाही, पाचांचा मध्य काढायचा आणि मगच क्लिक. माझ्या साइटचा एक क्लिक म्हणजे एक एमओए, अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर २.९ सेंटीमीटर, म्हणजे वीस मीटरवर सहा मिलीमीटरच्या आत-बाहेर. रुपया खाचेत घालून हळू फिरवलं की बोटाला टक् जाणवतो, कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. संध्याकाळ व्हायच्या आत माझे छर्रे काळ्यात आले होते, ग्रुप काही फार बारीक नव्हता, पण मध्य मधे होता. टोपणं लावली, आबांना हाक मारली.

आबांनी रायफल खांद्याला लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठिपका कुठाय ह्यो? ह्येला शेपूट हाय." मी बघितलं, मला तर गोल. त्यांना तो स्वल्पविरामासारखा दिसत होता, खाली उजवीकडं ओढलेला. एका क्षणात माझ्या पोटात खड्डा पडला, पैशासाठी नाही, त्यांना काहीतरी परत मिळणार म्हणून मी गेले महिनाभर हवेत होते त्यासाठी. मोबाइलचा कॅमेरा काचेमागं धरून फोटो काढला. फोटोत ठिपका गोल. आबांनी फोटो बघितला, रायफल परत उचलली आणि काही न सांगता तिला हळूहळू आडवी केली, डोळा ठिपक्यावरनं न हलवता. शेपूट जागच्या जागीच. रायफल फिरली, शेपूट नाही फिरलं. "डोळ्यात हाय," म्हणाले. एवढंच. आपल्या डोळ्याचा पुढचा पडदा सगळ्या बाजूंनी सारखा गोल नसेल तर एका दिशेचा प्रकाश वेगळ्या ठिकाणी जमतो, चष्म्याच्या कागदावर सिलिंड्रिकल म्हणून जो आकडा असतो तो हाच. रोजच्या बघण्यात तो कळत नाही, झाड झाडासारखंच दिसतं. एक बारीक, झळझळीत ठिपका समोर ठेवला की लगेच कळतो. आबांनी लांबचा चष्मा कधी केलाच नव्हता, लांबचं दिसतंय की म्हणून.

दोन गोष्टी केल्या. ठिपक्याचा उजेड कमी केला, इतका की कागदावर जेमतेम दिसेल, त्यानं शेपूट आखूड झालं. आणि पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून त्यांच्या डोळ्यासमोर धरलं, त्यातनं बघितल्यावर ठिपका गोल झाला. आबा एकदम हसले. "पीप साइट," म्हणाले. फौजेतल्या त्यांच्या एसएलआर रायफलीला मागं असंच भोक होतं. बारीक भोकातनं फक्त मधले किरण आत जातात, डोळ्याचा वाकडेपणा त्यांना लागत नाही, म्हणून सगळं टोकदार दिसतं. डोळ्याचे डॉक्टर पण तपासताना अशीच भोकांची काळी चकती डोळ्यावर धरतात.

आणि कोल्हापुरात राहून भोकातनं नेम धरायचं म्हटल्यावर कुणाची आठवण होणार? १ ऑगस्ट २०२४ ला दुपारी आमच्या शॉपमध्ये मशीनं चालू ठेवून सगळे एका मोबाइलभोवती उभे होते. स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पॅरिस ऑलिंपिकमधली पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनची फायनल. नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, मागं, प्रोनमध्ये, पालथं झोपून, पण पुढं नाही, आणि स्टँडिंगला उभा राहिल्यावर एकेक जण खाली जातोय आणि हा वर येतोय. ४५१.४, ब्राँझ. घरी आल्यावर आबांनी मला बसवून सांगितलं की उभ्यानं मारणं म्हणजे काय असतं, हाडावर वजन घ्यायचं, स्नायूवर नाही. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, रेड डॉट चालत नाही, मागं मिलीमीटरभराचं भोक आणि पुढं एक कडी, बस. पन्नास मीटरवरचा दहाचा गोल १०.४ मिलीमीटरचा. माझा ठिपका तीन एमओएचा आहे, वीस मीटरवरच तो पावणेदोन सेंटीमीटर झाकतो. त्याच्या आधी २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत वर्ल्ड चॅम्पियन झाली होती, २०१८ च्या एशियाडला राही सरनोबतचं गोल्ड. आमच्याकडं पोरं तालमीत जातात तसं दुधाळीच्या रेंजवर पण जातात, आणि मला याचा अभिमान आहे हे मी मोकळेपणानं सांगते. तरी बांधावर शेपटाचा ठिपका घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी ती बॅटरीवरची काचच उपयोगाची आहे, यात मला काही कमीपणा वाटत नाही.

तर त्या बारीक उजेडाच्या ठिपक्यानं त्यांनी ते पाच मारले, डावीकडं वर. शेपटामुळं नाही, शेपूट खाली उजवीकडं होतं. मला कारण त्यांचे हात बघून कळलं. फौजेतलं वाक्य त्यांच्या अंगात भिनलंय, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर. रायफल ते खांद्यात रुतवून, डाव्या हातानं घट्ट आवळून धरतात. स्प्रिंगच्या रायफलीला हे चालत नाही, कारण पिस्टन सुटल्यावर छर्रा नळीतनं बाहेर पडायच्या आतच बंदूक हलायला लागलेली असते, आणि ती कशी हलणार हे तुमच्या पकडीवर ठरतं. मी तळहातावर नुसती ठेवून मारलं होतं, झिरो त्या सैल पकडीचं होतं. ते दर वेळी तंतोतंत तेवढंच आवळतात, म्हणून ग्रुप माझ्यापेक्षा लहान, आणि आवळतात म्हणून जागा वेगळी. दोघांपैकी कुणीच चुकीचं मारत नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, "आता या वयात हात सोडायला सांगू नको," म्हणाले.

मला जोतिबाच्या चैत्रातल्या यात्रेतली एक दुपार आठवते, आबा सुट्टीवर आले होते. गुलालानं रस्ता, कपडे, पोलिसांच्या टोप्या सगळं गुलाबी, खोबऱ्याच्या वाट्या पायाखाली येतायत, सासनकाठ्या नाचतायत आणि कुठूनही चांगभलं. फुगे फोडायच्या गाड्यावर मी हट्ट धरून बसले. आबा लगेच पैसे देईनात. बाजूला उभं राहून दुसऱ्या पोराचे छर्रे कुठं जातात ते बघत राहिले. त्या बंदुकीची माशी वाकलेली होती, सगळं खाली जात होतं. मग त्यांनी बंदूक घेतली, माशीकडं बोटही नेलं नाही, प्रत्येक फुग्याच्या वर वितभर धरून ओळीनं फुगे फोडले, गाडेवाला शेवटी हात जोडायला लागला. मी विचारलं, माशी सरळ का नाही केली? तर म्हणाले, त्याची बंदूक आहे, आपण दोन मिनटांचं गिऱ्हाईक.

हेच होतं का ते? माझ्या रायफलीचे पण ते दोन मिनटांचे गिऱ्हाईक?

मी कुणाला बोलले नाही पण चार-पाच दिवस कामात लक्ष लागेना. म्हातारी माणसं पोरांच्या घरात हळूहळू पाहुण्यासारखी वागायला लागतात, टीव्हीचा आवाज विचारून वाढवतात, फ्रिज उघडायच्या आधी घसा खाकरतात, हे मी दुसऱ्यांच्या घरी बघितलंय आणि आमच्यात असं नाही असं समजत आले होते. शेत त्यांचं, बांध त्यांचा, आणि तिथं बसून ते मला सांगतायत झिरो तुझं आहे. शेवटी विचारलंच, जेवताना, सरळ. त्यांना प्रश्न आधी कळलाच नाही. मग त्यांनी कोतचं सांगितलं. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. तिथं प्रत्येक रायफलीच्या बटावर, म्हणजे मागच्या दस्त्यावर, नंबर रंगवलेला, तो नंबर म्हणजे तो माणूस. ज्यानं त्यानं आपली रायफल स्वतः झिरो करायची, दुसऱ्यानं करून दिलेली चालत नाही, कारण गाल, खांदा, पकड प्रत्येकाची वेगळी. कधी कुणी रजेवर गेला आणि त्याची रायफल घेऊन पहाऱ्यावर जायची वेळ आली तर साइटला हात लावायचा नाही, कारण तो रजेवरनं येऊन तीच रायफल उचलणार आणि तिच्यावर विश्वास ठेवणार. "त्याचा जीव हाय त्यावर," आबा म्हणाले. म्हणजे त्यांनी मला पाहुणा म्हणून नाही, जवान म्हणून वागवलं होतं. मी केलेलं झिरो त्यांनी खरं धरलं होतं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच, आणि ताटातली भाकरी बराच वेळ तशीच राहिली.

त्यांचा बट नंबर मला लहानपणापासून पाठ आहे, एकशे बेचाळीस, ट्रंकेवर होता, मगावर होता. दुसऱ्या दिवशी शॉपमधला पांढरा पेंट मार्कर आणला आणि रायफलीच्या लाकडावर, उजव्या बाजूला, १४२ लिहिलं. स्टेन्सिल लावून, फौजेत असतं तसं. काही बोलले नाही, रायफल जागेवर ठेवून दिली.

रविवारी आबांनी रायफल उचलली, बटावरनं अंगठा फिरवला, रंग वाळलाय का बघितल्यासारखं केलं. मग म्हणाले, "रुपया हाय काय गं?"

पुढचा तासभर मी फक्त कागद बदलायचं काम केलं. त्यांनी वाळूची पिशवी दोन विटांवर ठेवली, रायफल त्यात दाबून बसवली, आपल्याच घट्ट पकडीनं पाच मारले, कागद मागवून घेतला, पेन्सिलीनं पाच भोकांचा मध्य काढला. एमपीआय म्हणतात ते त्याला. परत तेच डावीकडं, तेच थोडं वर. मग टोपण काढून मला म्हणाले, तू फिरव, मी बघतो. मी बाणावर आर, म्हणजे राइट, लिहिलं होतं त्या दिशेनं रुपया फिरवला, एक, दोन, आणि ते डोळा न हलवता एकदम म्हणाले, "थांब. ठिपका डावीकडं गेला की." बरोबर होतं. छर्रा उजवीकडं न्यायचा तर ठिपका खिडकीत डावीकडं सरकतो, बाण छर्ऱ्याची दिशा सांगतो, ठिपक्याची नाही, भल्याभल्यांचा इथं गोंधळ होतो. मी समजावायला तोंड उघडलं तर ते आधीच पुढं गेले होते. ठिपका त्यांच्याच ग्रुपकडं, कागदावरच्या भोकांकडं सरकत होता. "गोळीच्या मागं माशी," म्हणाले. बेळगावला उस्तादानं थ्री नॉट थ्रीवर शिकवलेला नियम, गोळी डावीकडं जातीय तर माशी डावीकडं ठोकायची, वर जातीय तर माशी वर करायची. "म्हंजे ही माशीच हाय. काचंतली." त्यानंतर त्यांनी रुपया माझ्याकडनं घेतला आणि उरलेले क्लिक स्वतः मोजले, मोठ्यानं, हिंदीत, पांच, छे, सात. दोन खाली. पुढचा ग्रुप काळ्यात, मधोमध. त्यांनी टोपणं लावली आणि त्यावरनं पेंटची रेघ ओढायला लावली, स्क्रूंवर आहे तशी.

आता मी त्या रायफलीनं मारलं की माझे छर्रे उजवीकडं खाली जातात. मी तेवढं डावीकडं वर धरते. साइटला हात लावत नाही.

शेपटाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. राजारामपुरीतल्या डोळ्याच्या डॉक्टरांकडं स्वतःहून चला म्हणाले, जे आईच्या पाठीमागं लागण्यानं कधी झालं नव्हतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, आणि सिलिंड्रिकल नंबर चांगलाच. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायचंच आहे तर टोरिक लेन्स टाकता येईल, ती वाकडेपणा पण काढते, थोडी महाग असते. आबांनी विचारलं, मग ठिपका गोल दिसेल? डॉक्टर म्हणाले कसला ठिपका, आणि आबांनी सांगायला सुरुवात केली, एलईडीपासून, बाहेर पेशंट खोळंबलेत याची फिकीर न करता, आणि डॉक्टर पण पेन खाली ठेवून ऐकत बसले. मग त्यांनी आबांना टोरिक लेन्सचं समजावलं. ती कशीही बसवून चालत नाही, तिच्यावर खुणा असतात, आणि त्या डोळ्याच्या बरोबर त्याच कोनात आणाव्या लागतात. पेशंट आडवा झाला की डोळा खोबणीत जरा फिरतो, म्हणून आधी सरळ बसवून डोळ्यावर शाईनं खूण करून घेतात. एक डिग्री चुकली की साधारण तीन टक्के परिणाम कमी होतो. आबा खुर्चीत पुढं सरकले. "डॉक्टर, खूण करताना मी पापणी हलवणार न्हाई. तुम्ही सावकाश करा."

ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलंय. त्यानंतर झिरो परत तपासायचं असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय. रिसेप्शनवर अॅडव्हान्स भरायला मी पर्स उघडली तर त्यांनी पेन्शनचं पासबुक पुढं केलं, मला मागं सारून. "डोळा माझा हाय," म्हणाले.